हा तो माणूस नव्हे

नागपट्टणमच्या आमच्या टॉकीजला बायकांची खिडकी वेगळी होती. त्या खिडकीत नीलायदाक्षी बसायची आणि आतल्या दारावर मी तिकिटं फाडायची. माझा नवरा तिथेच सिनेमाचं मशीन चालवायचा. तो गेल्यावर मालकांनी मला दारावर उभं केलं. आम्ही मूळचे तंजावरचे, घरात मराठी. गावात मला कुणी नावाने हाक मारत नसे, सगळ्यांची मी मराठी अक्का.

नीलाबद्दल गावाचं मत पक्कं होतं. डोक्याने जरा कमी आहे, भर मांडवातून उठली होती. बायका तिकीट घेता घेता तिला निरखायच्या आणि आत आल्या की माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवायच्या. मीही मान हलवायची. तेव्हा मला ते साधंच वाटत होतं. आज आठवलं की माझीच मला शिसारी येते.

तिची हकीकत तिने मला एकदाच सांगितली, दुपारच्या खेळाआधी, जिन्याच्या पायरीवर बसून लिंबूभात खाताना.

तिच्या वडिलांचं बंदराजवळ काथ्याच्या दोरांचं दुकान होतं. ते लवकर वारले. घरात आई, वडिलांची विधवा बहीण म्हणजे अत्तै, आणि थोरला भाऊ त्यागेसन. हा त्यागेसन मद्रासला गेला आणि एका सिनेमा कंपनीच्या कथाविभागात लागला. लागला म्हणजे काय, मोठ्या लेखकांचे संवाद सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे आणि त्यांच्यासाठी कॉफी आणायची. गावी आला की मात्र काळा चष्मा लावून फिरायचा. नीला एकोणीस वर्षांची झाली तेव्हा त्याने स्थळ आणलं. सिनेमांना पैसा पुरवणारा माणूस, मद्रासला स्वतःचं घर.

“मुलगा फार धावपळीत असतो,” त्याने आईला सांगितलं. “दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बघून जाईल. त्याची आई आजारी आहे, सोबत कुणी येणार नाही. मी आहे ना!”

आला. सडपातळ, चष्मा, पांढरा सदरा, बोलायला मऊ. नीलाने सोज्जीचा शिरा आणि केळ्याची भजी नेऊन ठेवली. त्याने विचारलं, “तुम्हाला वाचायला काय आवडतं?” असा प्रश्न आजवर तिला कुणी विचारला नव्हता, म्हणून तिने मान वर करून उत्तर दिलं आणि त्याला नीट पाहिलं. त्याच्या डाव्या भुवईत एक खाच होती, तिथे केस नव्हते. तो नऊ भजी खाऊन गेला. तिला तो आवडला. पुढचे दोन महिने तिने त्या माणसाशी मनातल्या मनात संसार केला.

लग्नाच्या दिवशी सनई-मेळमच्या गजरात तिला आणून बसवलं. शेजारी पंचेचाळिशीचा एक माणूस होता. मानेला वळ्या, दोन सोन्याचे दात, तोंडात विडा. तिला वाटलं मुलाचा काका असेल, चुकून बसला असेल. मग भटजींनी तालीचं, म्हणजे मंगळसूत्राचं, ताट सगळ्यांच्या आशीर्वादासाठी फिरवून आणलं आणि त्या माणसाने ताली उचलली.

ती म्हणाली, “हा तो माणूस नव्हे.”

कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि ओरडली, “हा तो माणूस नव्हे! मला बघायला आला तो हा नव्हे!”

मेळम थांबलं. त्यागेसन धावत आला. “नीला, खाली बस. हाच आला होता. तू मान खाली घालून बसली होतीस, तुला काय दिसणार?”

“मी बघितलंय अण्णा. नीट बघितलंय.”

“अम्मा, तू सांग हिला.”

आईने पदर तोंडाशी धरला आणि रडायला लागली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मग त्यागेसन अत्तैकडे वळला. अत्तै त्या घरात भावाच्या आणि आता भाच्याच्या भाकरीवर होती. ती भाच्याकडे बघून म्हणाली, “हाच आला होता. पोरीचं डोकं फिरलंय.”

नीलाने गळ्यातला हार काढला, खाली ठेवला आणि चालत घरी गेली.

लग्न मोडलं. तो पैसेवाला पाहुणा शिव्या देत मद्रासला गेला. त्यागेसनने सांगितलं, “या घराशी माझा संबंध नाही,” आणि तोही गेला. दोन वर्षांत आई वारली. मरताना तरी काही बोलेल म्हणून नीला उशाशी बसून होती; ती काही बोलली नाही. उरली अत्तै, तिला तिच्या दीराने ठेवून घेतलं. नीलाने देवळामागे एक खोली घेतली आणि खिडकीवरची नोकरी धरली.

“अक्का,” ती त्या दिवशी मला म्हणाली, “आता मलाच कळत नाही. कधी कधी वाटतं, मी चुकीचंच पाहिलं असेल. सगळं गाव खोटं कसं बोलेल?”

मी तिला लोणचं वाढलं.

त्यानंतर वर्षभराने, पोंगलच्या आधी, तो सिनेमा आला. लग्नाचा विनोदी सिनेमा, मद्रासमध्ये तुफान चाललेला. काचेच्या कपाटात लावायचे फोटो एका लिफाफ्यातून यायचे, ते लावायचं काम आम्हा दोघींचं. नीला तोंडात टाचण्या धरून एकेक फोटो लावत होती. पाचवा की सहावा फोटो हातात घेतला आणि थांबली. टाचण्या तोंडातच. मी म्हटलं, “अगं, गिळशील एखादी.”

तिने टाचण्या तळहातावर काढल्या आणि फोटो माझ्यासमोर धरला. नायिका ताट घेऊन उभी आहे, खुर्चीवर एक चष्मेवाला हसतोय.

“अक्का, हाच तो.”

“कोण?”

“भजी खाणारा. भुवई बघा.”

मी फोटो उजेडात नेला. डाव्या भुवईत खाच होती. खाली बारीक अक्षरात नाव होतं, वैरवन. नायक नव्हे, बाजूचा नट.

पहिल्या खेळाला तिकीटविक्री संपल्यावर ती खिडकी लावून आत आली आणि दाराच्या पडद्याशी माझ्याजवळ उभी राहिली. नावं आली. कथा आणि संवाद: नागै त्यागेसन. गावाचं नाव लावलं होतं त्याने स्वतःला! लोकांनी शिट्ट्या मारल्या, आपल्या गावचा माणूस म्हणून.

सिनेमात एक भाऊ असतो, तोच नायक. त्याला आपली बहीण एका बेढब श्रीमंताच्या गळ्यात घालायची असते, म्हणून तो बघण्याच्या दिवशी आपल्या देखण्या मित्राला नवरा म्हणून आणून बसवतो. मित्र भजी खात सुटतो. पुढे लग्नाच्या मांडवात नायिका उठते आणि ओरडते, “हा तो माणूस नव्हे!” लगेच भटजी तुपात पडतो, सनईवाल्याच्या सनईतून म्हशीचा आवाज येतो, आणि एक बहिरी आत्या म्हणते, “हाच तो, हाच तो! पोरीचं डोकं फिरलंय!”

सबंध थिएटर हसून कोलमडलं. बायका एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारत होत्या. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, जी तिच्या शेजारी उभी होती, मीही हसले. सनईतून म्हैस ओरडली तेव्हा तोंडातून हसू निसटलंच. वळून पाहिलं तर नीला तिथे नव्हती. मागच्या नळावर ओकत होती.

मी पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला. तोंड धुऊन म्हणाली, “सहा वर्षं मी वेडी होते ना? आता बघा, वेडीचे शब्द न् शब्द कसे पाठ आहेत त्याला.”

पुढचे दिवस किळसवाणे होते. सिनेमा उतरेना. गल्लीतली पोरं “हा तो माणूस नव्हे” ओरडत गोट्या खेळायची. सोडावाला बाटली उघडताना म्हणायचा. बायका खिडकीत हात घालून म्हणायच्या, “चार दे गं, आणि बघून दे, नाहीतर म्हणशील हे ते तिकीट नव्हे!” आपण कुणाला काय म्हणतोय याचं भान त्यांना नव्हतं. ज्यांना होतं, त्या तर मुद्दाम म्हणायच्या. नीलाने मॅनेजरला सांगितलं, या सिनेमाची तिकिटं मी विकणार नाही. अंबलवाणन म्हणून आमचे मॅनेजर होते. ते म्हणाले, “घरी बसायचं असेल तर बस. पण मग घरीच.” ती खिडकीत बसत राहिली. जेवण मात्र तुटलं तिचं. डबा उघडायची, वास घ्यायची आणि कावळ्यांना घालायची.

पन्नासाव्या दिवशी कंपनीची माणसं गावात येणार असं ठरलं. आमच्यासारख्या गावात पन्नास दिवस म्हणजे मोठीच गोष्ट. केळीचे खांब लागले. नायक-नायिका काही आले नाहीत, त्यांना कुठला वेळ! सकाळी अकराला एका मोटारीतून त्यागेसन आणि वैरवन उतरले. गळ्यात हार पडले. त्यागेसन जाड झाला होता. खिडकीसमोरून गेला, पण आत बघितलं नाही.

नीलाने खिडकी बंद केली आणि सायकलरिक्षा करून अत्तैच्या दीराच्या घरी गेली. अर्ध्या तासाने अत्तैला घेऊन परत आली. म्हातारीला वाटलं होतं, भाच्याचा सत्कार बघायला नेतेय. नवं लुगडं नेसली होती.

मॅनेजरच्या खोलीत पाहुणे कॉफी पीत होते. दाराशी गावातले दहा-पंधरा प्रतिष्ठित उभे. नीला अत्तैचा दंड धरून आत शिरली, मागोमाग मी. ती वैरवनसमोर उभी राहिली.

“अत्तै, हा कोण ते सांग.”

अत्तैने डोळे बारीक करून पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाचा चंबू झाला आणि ती रडायलाच लागली. “हाच आला होता गं. हाच. मला माहीत होतं. मी काय करू, मला दोन वेळचं तो घालत होता.”

वैरवनने कप खाली ठेवला. “काय झालं? या कोण?”

नीला म्हणाली, “सहा वर्षांपूर्वी तुम्ही याच गावात एका घरी मुलगी बघायला आला होतात. दोरवाल्यांच्या घरी.”

तो आठवायला लागला, आणि आठवल्यावर त्याचा चेहरा चक्क उजळला. “अरे हो! केळ्याची भजी! फार सुंदर होती हो. मी मद्रासला सगळ्यांना सांगितलं होतं.”

“तुम्हाला काय सांगून आणलं होतं?”

“हा म्हणाला, बहिणीची गंमत करायचीय. मुलगीही सामील आहे म्हणाला.” त्याने त्यागेसनकडे बघितलं. “सामील होती ना?”

त्यागेसन उठला, दोन्ही हात पसरून हसत पुढे आला. “नीला, किती वर्षं धरून बसशील? चूक झाली, मान्य. तरुण होतो. त्या पैसेवाल्याने मला लेखक करतो म्हणून शब्द दिला होता. पण बघ ना, सिनेमात मी काय केलंय? शेवटी तुझं लग्न याच्याशीच लावून दिलंय! तुझ्या मनासारखं! तो शेवट मी तुझ्यासाठी लिहिला.”

मला वाटलं आता तरी कुणीतरी याच्या कानाखाली काढेल. तेवढ्यात दारातला एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळेच. “अरे, म्हणजे ही खरी गोष्ट आहे! आपल्या गावातली!” भाताची गिरणी असलेले एक गृहस्थ, लग्नात पहिल्या रांगेत बसलेले आणि सहा वर्षं तिला वेडी म्हणत आलेले, डोळे पुसत हसत होते.

नीला भावाला म्हणाली, “वर स्टेजवर माईक आहे. सगळं गाव बसलंय. जा आणि सांग, माझी बहीण खरं बोलत होती, मी खोटा होतो. एवढं एकच वाक्य.”

“अगं, तेच तर सांगतोय गेले पन्नास दिवस, दिवसातून तीनदा!” त्यागेसन म्हणाला, आणि स्वतःच्या वाक्यावर खूश होऊन सगळ्यांकडे बघितलं. पुन्हा हशा.

अंबलवाणन तर हातावर हात घासत होते. “काय जाहिरात होईल! खरी नायिका आमच्याच खिडकीत! तिघांचा फोटो काढू. ए, फोटोवाल्याला बोलवा रे.”

नीला भावाच्या अगदी जवळ गेली. मला वाटलं मारणार. तिने मारलं नाही. त्याच्या नव्या बुटांवर थुंकली, आणि बाहेर पडली.

स्टेजवरून अंबलवाणननी जाहीर केलंच. टाळ्या पडल्या, “बोलवा, बोलवा” म्हणून आरोळ्या झाल्या. तोवर नीला सायकलस्टँडच्या फाटकातून निघून गेली होती. मी मात्र पगारासाठी महिनाअखेरपर्यंत दारावर उभी होते. माझ्या पोटाचाही प्रश्न होता. अत्तैला नावं ठेवायला मी काही वेगळी नव्हते.

गावाने नीलाला निर्दोष ठरवलं, पण कसं? आता ती वेडी नव्हती, सिनेमातली होती. लोक पाहुण्यांना तिचं दार दाखवायचे. आणि स्थळं यायला लागली. सहा वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आता चार महिन्यांत पाच. एक जण तर म्हणाला, “मी स्वतःच आलोय हं, नीट बघून घ्या,” आणि आपल्याच विनोदावर मांडी थोपटत बसला. तिने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही.

शेवटी ती वेदारण्यमला गेली. मिठागरांच्या बाजूला एक शाळा होती, तिथे मुलांना दुपारचं जेवण करून घालायचं काम मिळालं. गाडीत बसवायला मी गेले होते. गाडी सुटायच्या बेतात असताना अत्तै बोचकं घेऊन आली. दीराने हाकलली होती. खोटी साक्ष दिलेली बाई घरात नको म्हणाला, जणू त्या दिवशी स्वतः मांडवात बसला नव्हता.

“मला ने गं,” अत्तै म्हणाली.

नीलाने तिच्याकडे न बघता सरकून जागा केली.

वर्षातून एकदा मी वेदारण्यमला जायची. दोघी एका झोपडीवजा घरात राहायच्या. नीला अत्तैचं सगळं करायची, औषध, आंघोळ, केस विंचरणं. पण अत्तैच्या हातचं काही खायची नाही. म्हातारीने हौसेने डोसे घातले तर ते शेजारी जायचे. “मला जात नाही घशाखाली,” एवढंच म्हणायची. रागाने नाही, एखादीने वांगं चालत नाही म्हणावं तसं. अत्तै मला कोपऱ्यात नेऊन विचारायची, “तुझं ऐकते. विचार ना, कधी खाईल?” मी काय सांगणार? मी हसले होते हे त्या दोघींनाही माहीत होतं, फक्त मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या हातची कॉफी नीला प्यायची का, असं विचाराल तर, प्यायची. पण अर्धा कप ठेवायची.

त्यागेसनचे पुढचे दोन सिनेमे आपटले. चौथ्या की पाचव्या वर्षी मी गेले होते, तेव्हा नीला शाळेच्या मागे मोठं पातेलं घासत होती. म्हणाली, “मागच्या आठवड्यात अण्णा आला होता.”

“कशाला?”

“वही घेऊन. कंपनी म्हणतेय दुसरा भाग करू. मला विचारतो, ‘नंतर तुझं काय झालं ते सगळं सांग. गमतीचं काही घडलंच असेल.’”

“मग तू?”

“मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती. म्हटलं, जेवायचं असेल तर पंगतीला बस. दुसरं काही मिळणार नाही.”

“बसला?”

“बसला की. पहिलीतल्या पोरांच्या मध्ये, मांडी घालून, वही मांडीवर. मी एक शब्द बोलले नाही, तोही काही विचारेना.” तिने पातेल्यात राख टाकली आणि काथ्याने जोरजोरात घासायला लागली. “जेवला मात्र पोटभर, अक्का. सांबार दोनदा मागून घेतलं.”